बिनदुधाची कॉफी

फाल्गुन लागला की सांगलीहून हळदीचा पुडा येतो. पूर्वी मावशी पाठवायची, तिच्यामागं तिच्या सुनेनं ही रीत सांभाळली आहे. पुडा उघडला की आधी कापरासारखा आणि मागून ओल्या मातीसारखा वास येतो, आणि त्या दिवशी माझ्या हातून काही काम होत नाही. घरातले म्हणतात, आजीला माहेर आठवलं. मी त्यांची समजूत मोडत नाही. खरं तर माहेर साताऱ्याचं आणि सासरही साताऱ्याचंच, उभा जन्म अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेला. सांगलीत मी सलग राहिले ती एकदाच, दीड महिना. युद्ध संपल्यानंतरचा तो पहिला हळदीचा हंगाम होता. मला सतरावं सरत आलं होतं.

तेव्हाची सांगली मला पिवळीच आठवते. मावशीच्या घरावरून सकाळपासून हळदीच्या बैलगाड्या जायच्या. चाकांवर पिवळी धूळ, बैलांच्या पायांवर पिवळी धूळ, उंबऱ्यावर तर इतकी की मावशी दिवसातून तीनदा पुसायची आणि तिन्ही वेळा गाडीवानांच्या नावानं बोटं मोडायची. बाजारात हळद निवडणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. नदी खाली गेलेली, वाळवंटात कलिंगडांचे वेल पसरलेले. संध्याकाळी घाटावर बसलं की वाऱ्याबरोबर कुठल्या तरी मळ्यातल्या कढईचा, शिजणाऱ्या हळदीचा वास यायचा. पहिल्या दिवशी त्यानं माझं डोकं दुखलं. आठवड्यानं तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

मावशीचे यजमान हळदीच्या अडतीवर होते. मी त्यांना काका म्हणे. एका सकाळी त्यांनी मला आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हरिपूरला पेवं दाखवायला नेलं. हळद तिथं जमिनीच्या पोटात ठेवतात. वरून बघावं तर नुसतं रान, आणि खाली माणूस बुडेल एवढे खोल खड्डे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, ती बाहेर जाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. काका हे सगळं सांगत होते आणि अण्णा मास्तरकीच्या सवयीनं मान डोलावत होते. मी त्या काळ्या तोंडाकडे बघत उभी होते.

आम्ही सांगलीला आलो होतो ते मात्र पेवं बघायला नव्हे. मला दाखवायला आलो होतो.

स्थळ काकांच्या ओळखीतलं होतं. माधव नाव. मॅट्रिक होऊन लष्करात तारखात्यात गेलेला, आफ्रिका आणि इटली करून नुकताच परतलेला. वडील नव्हते, आईनं आणि मामानं वाढवलेला. मामा हळदीचे व्यापारी, काकांच्या रोजच्या बैठकीतले. पुढं मी त्याला तो म्हणणार आहे. तेव्हा मनातसुद्धा अहोजाहोच केलं असतं. पण माझ्या आठवणीत तो पंचविशीचाच राहिला आहे आणि मी ऐंशी ओलांडली आहे. नातवाच्या वयाच्या मुलाला कुणी अहो म्हणत नाही.

आता कॉफीचं सांगते. त्या दिवसांत कप हातात धरलेला माणूस दुरून ओळखता येतो असं आमच्याकडे सगळ्यांना वाटे. चहा पिणारा तो कामाचा माणूस: मास्तर, कारकून, सुट्टीवर आलेला शिपाई. कॉफी पिणारा तो वकील, गवई, नाहीतर पुण्याला शिकलेला आणि म्हणून थोडा वाया गेलेला. बाईनं कॉफी प्यायची ती एकादशीला किंवा बाळंतपणात, एरवी प्यायली तर ती नखरेल. हॉटेलात बसून पिणाऱ्या बाईबद्दल तर कुणी मत द्यायच्याही भानगडीत पडत नसे. सांगलीत पेठेतल्या एका कानडी हॉटेलातून ताज्या कॉफीचा वास रस्ताभर सुटायचा. मावशी आणि मी तिथून जाताना चाल मंदावायचो, पण मान वळवायचो नाही. वास फुकट होता आणि त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं.

घरात मावशीचा नियम सरळ होता. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा, जावई, डॉक्टर आणि मुलगी बघायला आलेली माणसं यांना कॉफी. ती म्हणजे आमची मराठी कॉफी, भरपूर दुधाची, जायफळ किसून घातलेली. बिनदुधाच्या कॉफीला आमच्याकडे पेय समजतच नसत. ते औषध होतं. जुलाब होऊ लागले की लिंबू पिळून द्यायचं. दुसरा एक उपयोग अण्णांना त्यांच्या एका वकील मित्राकडून कळला होता, तो घरात मोठ्यानं बोलायचा नव्हता.

ती माणसं आली ती दुपारी, तिसऱ्या प्रहराला. माधव आणि त्याचे मामा, दोघंच. मी मावशीचं अंजिरी लुगडं नेसून स्वयंपाकघरात होते. रेशनची साखर जपून ठेवली होती ती सगळी शिऱ्यात गेली, कारण शिरा डोळ्यांना दिसतो. कॉफीला गूळ घालायचं ठरलं. मावशी बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन बसली, जाताना मला बजावून गेली, "गूळ पाण्यात विरघळव हं. दूध शेवटी, खाली उतरवून." मी मान हलवली. हे मला ठाऊकच होतं. साताऱ्याला तीन वर्षं गुळाचा चहा माझ्याच हातचा सगळे पीत होते.

बाहेर मामा हळदीच्या भावाबद्दल बोलत होते. मधेच तो काहीतरी म्हणाला. काय ते ऐकू आलं नाही, पण आवाज मला आवडला. एवढंच झालं. त्या आवाजाकडे कान देता देता मी गूळ उचलला आणि चुलीवर उकळत असलेल्या दुधात टाकला.

दूध नासताना आवाज होत नाही. डोळ्यांसमोर त्याचे तुकडे झाले आणि खाली हिरवट पाणी राहिलं. घरात दुसरं दूध नव्हतं, गवळण दिवेलागणीला यायची. मी ते भांडं उतरवलं आणि तशीच पदरानं धरून उभी राहिले. मुलगी बघायच्या वेळी दूध फाटणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मावशी दोन गावांतल्या दहा घरांत ते सांगत बसली असती.

तेवढ्यात मागच्या बाजूला पावलं वाजली. शिरा खाऊन झाला होता आणि हात धुवायला काकांनी त्याला मोरीची वाट दाखवली होती. मोरीकडे जायचं तर स्वयंपाकघराच्या दारावरूनच जावं लागे. तो दारापाशी थांबला. त्यानं आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तो तसाच पुढं गेला, हात धुतले, परत जाताना या बाजूला बघितलंसुद्धा नाही.

आणि मग बाहेरून त्याचा आवाज आला, या वेळी स्वच्छ ऐकू येईल असा. "एक विनंती होती. मला कॉफी बिनदुधाची चालेल. इटलीत तीच सवय लागली. मामा, तुम्हीही आज तशीच घेऊन बघा."

"मी?" मामा म्हणाले.

"बघा तर खरं. तरतरी येते."

मी काळ्या कॉफीत गूळ विरघळवला, वर जायफळ किसलं आणि दोन कप घेऊन बाहेर गेले. मान खाली होती तरी मला दिसलं ते दिसलंच. मामांनी कडू काडेचिराईत घ्यावं तसा एकेक घोट गिळला. त्यानं मात्र कप निवांत धरला, शेवटपर्यंत रिकामा केला आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "कॉफी छान झाली आहे." मला फार बरं वाटलं, तशीच आत आले. मग ते फाटलेलं दूध परसात नेऊन कर्दळीत ओतलं. संध्याकाळी मावशीनं दुधाचं विचारलं तेव्हा सांगितलं की मांजरानं लवंडलं.

निरोप दुसऱ्या दिवशी आला. मुलगी पसंत आहे, पुढचं बोलू या.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा पाटावरच बसून राहिले. म्हणाले, "बिनदुधाची कॉफी कशासाठी पितात, ठाऊक आहे का तुम्हाला? घेतलेली उतरवायला."

काका म्हणाले, "पोट बिघडलं असेल हो मुलाचं."

"मग शिरा दोनदा कसा घेतला?"

मावशी आतून म्हणाली, "आणि मामालाही पाजली. म्हणजे घरातच रीत असणार." मामा ती कशी प्यायले हे सगळ्यांनी बघितलं होतं, पण मनात एक धरलं की डोळ्यांना कोण विचारतं. लष्करातला माणूस, परदेशात पाच वर्षं, वर वडिलांचा धाक नाही. अण्णांचं गणित सुटलं होतं. मी ताटं उचलत होते. मनात म्हणाले, उद्या सांगू.

अण्णांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ते तसे कडक, पण त्यांनी मला विचारलं. त्या काळात सतराव्या वर्षाच्या मुलीला कोण विचारत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कृष्णेच्या पुलावर फिरायला घेऊन गेले. नकाराचं पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात होतं. ते म्हणाले, "अजून टाकलेलं नाही. तुझ्या मनात काही असेल तर सांग."

माझ्या मनात एकच वाक्य होतं. दूध माझ्या हातून फाटलं. एवढं म्हटलं असतं तर पुढचं अण्णांना आपोआप कळलं असतं, ते हुशार होते. पण त्या वाक्याबरोबर कर्दळ सांगावी लागली असती, मांजर सांगावं लागलं असतं, आणि एका परक्या पुरुषानं मला रडताना पाहिलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते झाकलं, हेही सांगावं लागलं असतं. ते सांगण्याची मला लाज वाटली. पुलावरून हळदीच्या गाड्या येत होत्या, त्या जाऊ द्यायला आम्ही कठड्याशी उभे राहिलो. शेवटची गाडी गेल्यावर मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

परतताना अण्णांनी पत्र पेटीत टाकलं. पत्र आत पडल्याचा आवाजही मी ऐकला.

आम्ही साताऱ्याला आलो. वैशाखात त्याचं लग्न झाल्याचं काकांच्या पत्रात होतं. आणि आषाढाच्या सुमाराला पाटणकडचा एक हवालदार अण्णांकडून पेन्शनीचा अर्ज लिहून घ्यायला आला. तोही इटली बघून आलेला. मी चहा दिला. अण्णांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडं म्हणे लोक बिनदुधाची कॉफी पितात?

"पित्यात की," हवालदार म्हणाला. "आवं मास्तर, डोंगरात बरफ पडल्यालं, दूध कुठनं आनायचं? काळी काफी न् मूठभर साकर. लय थंडी. आमच्यात एक माळकरी हुता, कांदासुदिक खात नव्हता. त्यो बी प्यायचा."

"मग ती दारूवर पीत नाहीत?"

"दारूवर? न्हाई वो. थंडीवर."

अण्णा अर्ज लिहीत राहिले. लेखणी थांबली नाही, पण त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना वाटलं, चूक त्यांची झाली. जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं, आणि मी ते वाटू दिलं. या गोष्टीतलं मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. यजमान चहाचे, दिवसाला सहा कप. भला माणूस होता, मला काही कमी केलं नाही, हे मी कुणाच्या समाधानासाठी लिहीत नाही. पण दर फाल्गुनात ती हळद आली की मी त्या पुलावर जाते, आणि दर वेळी बोलते. कधी गाड्या यायच्या आधी, कधी मधेच, चाकांच्या खडखडाटात. अण्णा पत्र खिशातून काढतात आणि फाडून नदीत टाकतात. पुढं काय होतं, संसार कसा होतो, हे मला कधी दिसत नाही. मला फक्त तो पत्राचा कागद पाण्यावर दिसतो.

मधल्या काळात कॉफीही किती घरं फिरली. आधी हॉटेलांत पडद्यामागची कुटुंबासाठीची खोली आली, तिथं नवरे बायकांना घेऊन जाऊ लागले. मग डब्यातली झटपट कॉफी आली आणि ती पिणारा सुधारलेला ठरू लागला. मग म्हणू लागले, कॉफी पिणारा म्हणजे विचारवंत. आता पोवई नाक्याजवळ कॉफीचं काचेचं दुकान झालं आहे आणि माझा मुलगा म्हणतो, तिथं बसतात ती सगळी रिकामटेकडी पोरं. रिकामटेकडी कसली, माझी नात सई तिथं बसून नोकरीचं काम करते. पाटणकडची ऊसवाल्यांची पोरं येतात, निवृत्त सुभेदार येतात, पोरी तर एकेकट्या येऊन बसतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. तरी लोकांची खोड गेलेली नाही. कप बघून माणूस ठरवायचा तो ठरवायचाच.

एक मात्र राहिलं सांगायचं. बऱ्याच वर्षांनी, एका लग्नात, मावशी जेवता जेवता म्हणाली, "तो माधव गं, हळदवाल्यांचा भाचा. गेला गेल्या महिन्यात." मी हातातला घास तसाच धरून बसले. ती आपली बोलत होती. "त्याच्या बायकोला भेटायला गेले होते. साधा माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आणि कॉफी म्हणशील तर सायीची लागायची. लष्करात म्हणे, दूध नसलं तर प्यायचाच नाही, काळी घशाखाली उतरायचीच नाही त्याच्या. मग त्या दिवशी आपल्याकडे काय अवदसा आठवली होती कुणास ठाऊक."

मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी समजत होते की सवय खरी होती आणि त्यानं ती माझ्या कामी आणली. सवय नव्हतीच. मावशी समोर होती, माझे सगळे केस पांढरे झाले होते, मला कुणाचं भय नव्हतं. तेव्हाही मी भात कालवत राहिले.

परवा हळदीचा पुडा आला. सईनं मला टेबलाशी बसलेली पाहिली आणि म्हणाली, चल, आज तुला बाहेर नेते. काचेच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलानं विचारलं, "आजी, तुमच्यासाठी काय?" मी म्हणाले, "बिनदुधाची कॉफी."

"आजी, कडू असते ती," सई म्हणाली.

मुलानं विचारलं, "साखर की गूळ? हल्ली गूळच मागतात सगळे."

"गूळ," मी म्हणाले.

कप आला. जायफळ तेवढं नव्हतं. मी दोन्ही हातांनी कप धरून पहिला घोट घेतला. त्या दुपारी मी ती चाखून बघितली नव्हती, नंतरही कधी धीर झाला नाही. इतकी कडू असेल असं वाटलं नव्हतं. गूळ मागून येतो आणि तोवर जीभ आखडून जाते. ज्याच्या घशाखाली हे उतरत नव्हतं त्यानं ते सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवलं होतं, तोंड वाकडं न करता, आणि वर छान झाली आहे म्हणून सांगितलं होतं. मीही कप संपवला. वेळ लागला. मग कप बशीत ठेवला आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, अगदी साध्या आवाजात.

"दूध माझ्या हातून फाटलं होतं."

सईनं हातातल्या यंत्रावरून डोळे वर केले. तिला वाटलं, मी सकाळचं घरचं सांगते आहे.

"मग फाटू दे की, आजी," ती म्हणाली. "सांगायचं ना तेव्हाच. त्यात काय एवढं?"